पेशींना रविवार नसतो

शरीराबाहेर, काचेच्या बाटलीत वाढवलेल्या पेशींना वार-तिथी ठाऊक नसते. त्यांना ३७ अंशांची ऊब लागते, ठरावीक द्रवान्न लागते, आणि ते दर दोन-तीन दिवसांनी बदलावे लागते. तसे केले नाही तर त्या आपल्याच टाकाऊ द्रव्यांत गुदमरू लागतात आणि कित्येक महिन्यांचे काम आठवड्याभरात मातीला मिळते. म्हणूनच ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, अनंत चतुर्दशीला आणि सारे शहर बंद असतानाही कुणीतरी येतेच. हात धुऊन, दिवा लावून, एकेक बाटली सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहते. मी प्राणिशास्त्र शिकले आणि पुढे तीस वर्षे शिकवले. त्या विषयात थक्क करणाऱ्या गोष्टींना तोटा नाही. तरीही स्त्रीच्या संशोधनजीवनाविषयी ह्या साध्या नियमाइतके बोलके असे मला दुसरे काही भेटले नाही. कारण तान्ह्या मुलालाही रविवार नसतो, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांनाही नसतो.

अलीकडे ‘स्त्री-वैज्ञानिकांना प्रोत्साहन’ हा शब्दप्रयोग सभासमारंभांतून वारंवार कानी पडतो. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आणि ८ मार्चचा महिला दिन एकमेकांच्या शेजारी आल्यामुळे त्या आठवड्यात तर त्याला पूर येतो. मला तो शब्द किंचित खुपतो. प्रोत्साहन द्यावे लागते ते ज्याच्यापाशी उत्साह नाही त्याला. माझ्या वर्गात पुढच्या बाकांवर बसणाऱ्या मुलींपाशी उत्साह मुबलक होता. बेडकाच्या हृदयाचे ठोके मोजताना त्यांना जेवणाच्या सुटीचे भान राहत नसे. पदव्युत्तर वर्गांत तर मुलींची संख्या मुलांहून अधिक असे. मग देशातल्या संशोधकांत स्त्रियांचे प्रमाण सहात एक एवढेच का भरते? ह्या मुली मधल्या वर्षांत जातात कुठे? उत्साहाच्या अभावी जात नाहीत, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

ह्या प्रश्नाचा विचार करताना माझे मन नेहमी डॉ. कमल रणदिवे ह्यांच्यापाशी जाऊन थांबते. त्यांचा जन्म १९१७ चा, पुण्याचा. माहेरच्या त्या समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. मुलीने मात्र वनस्पती आणि प्राणी ह्यांचा अभ्यास निवडला. १९३९ मध्ये गणिताच्या एका अभ्यासकाशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. १९४३ मध्ये सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर प्रबंध लिहून त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केले. त्यानंतर डॉ. वसंतराव खानोलकर ह्यांच्यासारख्या थोर विकृतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्या कर्करोगाच्या अभ्यासाकडे वळल्या आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून अमेरिकेस गेल्या. विवाहानंतर दहा वर्षांनी स्त्रीने डॉक्टरेट घ्यावी आणि मग समुद्र ओलांडून शिकायला जावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. त्यामागे एका बाईची जिद्द होती हे खरे. पण तिच्या शिक्षणाला आपला आधार देणारा नवरा आणि तिच्या बुद्धीवर विश्वास टाकणारा गुरू हेही त्यामागे होते. चरित्रकार जिद्दीचे वर्णन करतात आणि उरलेल्या दोन गोष्टी ओघात सांगून टाकतात. मला त्या दोन गोष्टीच अधिक शिकण्याजोग्या वाटतात.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे ह्यांच्या प्रयोगशाळेत रणदिवेबाईंनी ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. ह्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये ‘हीला’ नावाची पेशीपरंपरा जन्माला आली. माणसाच्या पेशी शरीराबाहेर अखंड वाढत राहू शकतात, हे तिने प्रथमच दाखवून दिले. त्या पेशी होत्या हेन्रिएटा लॅक्स ह्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या. तिच्या गर्भाशयमुखाच्या अर्बुदातून त्या तिची संमती न घेता काढलेल्या होत्या. त्या बाटलीत रुजवल्या मेरी कुबिसेक ह्या साहाय्यिकेने, आणि ते तंत्र बसवण्यात गे ह्यांच्या परिचारिका असलेल्या पत्नीचाही वाटा होता. नाव मात्र दीर्घकाळ एकाचेच झाले. पेशी देणारी स्त्री, पेशी वाढवणारी स्त्री आणि त्या वाढवण्याची रीत घडवणारी स्त्री ह्या तिघींना जगाने फार उशिरा ओळखले. तेच तंत्र घेऊन एक मराठी स्त्री मायदेशी परतली आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात तिने देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली.

त्या प्रयोगशाळेतून पुढे पुष्कळ काही निघाले. स्तनांच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी आणि विषाणूंशी असलेला संबंध रणदिवेबाईंनी उंदरांवर अभ्यासला. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर ह्या तिघांनी कुष्ठरोग्याच्या शरीरातून वेगळा काढलेला जीवाणू पुढे कुष्ठरोगावरील लसीचा आधार ठरला. कुष्ठरोग आणि कर्करोग ह्यांचा मेळ सामान्य वाचकाला चमत्कारिक वाटेल. पण दोन्हींच्या मुळाशी एकच कोडे आहे. शत्रू समोर उभा असताना शरीराचे रक्षक स्वस्थ का बसतात? ह्या कोड्याच्या अभ्यासाला रोगप्रतिकारशास्त्र म्हणतात. प्रयोगशाळांतून सारेजण त्याला इम्युनॉलॉजी म्हणतात. साठच्या दशकात रणदिवेबाईंनी परळला जे नवे विभाग सुरू केले, त्यांत हाही एक होता. १९६६ ते १९७० ह्या काळात त्यांनी संस्थेचे संचालकपद सांभाळले. त्याच संस्थेत डॉ. सुधा गांगल ह्यांनी रोगप्रतिकारशास्त्राची धुरा वाहिली. पुढे संस्था खारघरला गेली, तिचे नाव ‘ॲक्ट्रेक’ झाले, आणि तोंडाच्या कर्करोगातील गॅमा-डेल्टा टी-पेशींवर काम करणाऱ्या डॉ. शुभदा चिपळूणकर तिच्या संचालक झाल्या. एका संस्थेत एकीमागून एक अशा स्त्रिया उभ्या राहतात तेव्हा तो योगायोग नसतो. पहिलीने दार उघडून आत गेल्यावर ते मागे लावून घेतलेले नसते, एवढाच त्याचा अर्थ.

मला रणदिवेबाईंचे मोठेपण त्यांच्या पद्मभूषणापेक्षाही दुसऱ्या एका गोष्टीत दिसते. १९७३ मध्ये मुंबईतल्या काही वैज्ञानिक स्त्रियांना बरोबर घेऊन त्यांनी ‘इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन’ ही संघटना स्थापन केली. विदुषींची संघटना म्हटली की परिसंवाद, स्मरणिका आणि मानपत्रे डोळ्यांपुढे येतात. पण वाशीला ह्या संघटनेची वास्तू उभी राहिली तेव्हा तीत नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह झाले, पाळणाघर झाले, आरोग्यकेंद्र झाले. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या बायकांनी आपल्या व्यथेचे निदान अचूक केले होते. परगावाहून आलेल्या मुलीला रात्री निर्धास्तपणे झोपता येईल अशी खोली हवी, आणि आईला दिवसा मूल ठेवता येईल अशी जागा हवी. ह्या दोन गोष्टी विज्ञानाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. आणि ह्या दोन गोष्टींवाचून पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या स्त्रिया निपजत नाहीत.

माझ्या पिढीतल्या बहुतेकींना अशी जागा मिळाली नाही. १९७८ च्या सुमारास एका संशोधनसंस्थेत मी मुलाखतीला गेले होते. पहिले तीन प्रश्न पेशीविभाजनावरचे होते आणि त्यांची उत्तरे मी दिली. चौथा प्रश्न होता, ‘लग्न कधी करणार?’ मी म्हटले, ‘अजून ठरले नाही.’ त्यावर समितीतल्या एका वयस्क गृहस्थांनी अतिशय सौम्यपणे, जवळजवळ वडिलकीच्या स्वरात म्हटले, ‘म्हणजे आम्ही तुम्हांला दोन वर्षे शिकवायचे आणि तुम्ही सासरी जायचे!’ बाकीचे हसले. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता, हेच त्यातले दुःख. दुष्टाव्याशी भांडता येते. त्या जागेवर माझ्याच वर्गातला एक मुलगा लागला. वर्षभरात त्याचे लग्न झाले, आणि त्याबद्दल त्याला प्रयोगशाळेत पेढे वाटावे लागले, एवढेच.

ह्याच्या उलट टोकाला दुसरी एक वृत्ती आहे. तिच्यापासूनही मी जपून असते. ऊतिसंवर्धनात स्त्रिया पुढे असतात, कारण पेशींचे संगोपन हा त्यांचा स्वभावधर्मच आहे, असे काही सद्गृहस्थ कौतुकाने म्हणतात. बायकांच्या हाताला गुण असतो, माया असते, सोशिकपणा असतो, इत्यादी. हे कौतुक मोठे फसवे आहे. ज्या हातांना माया असते त्या हातांकडे बाटल्या सोपवल्या जातात. आणि बाटल्यांतून जे दिसले त्याचा अर्थ लावण्याचे काम दुसऱ्या कुणाकडे जाते. रणदिवेबाई केवळ पेशी जोपासत नव्हत्या. कोणती पेशी का बिघडते ह्याविषयी त्या प्रश्न विचारत होत्या. बुद्धीच्या कामाला ममतेचे नाव दिले की त्याचे श्रेय आणि त्याचे वेतन दोन्ही कमी करता येतात.

गेल्या तीस वर्षांत ह्याच शास्त्राने एक मोठा धडा दिला आहे. त्याकडे मी शिक्षिकेच्या नजरेने पाहते तेव्हा तो मला प्रयोगशाळेबाहेरही लागू पडतो असे वाटते. शरीराच्या रक्षकदलातील टी-पेशी कर्करोगाची पेशी ओळखू शकतात, तिला मारूही शकतात. पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञांची खटपट त्यांना अधिक चेतवण्याची होती. लस द्या, टोचा, जागे करा. प्रोत्साहनच म्हणा ना. यश बेताचेच येई. मग ध्यानात आले की त्या पेशींच्या पृष्ठभागावर सीटीएलए-४ नावाचा एक रेणू असतो आणि तो गाडीच्या ब्रेकसारखे काम करतो. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील जेम्स ॲलिसन ह्यांच्या प्रयोगशाळेने उंदरांत तो ब्रेक प्रतिपिंडाने रोखून दाखवला आणि अर्बुदे विरघळली. त्या निबंधावरचे पहिले नाव डेना लीच ह्यांचे आहे. त्यातून निघालेले औषध २०११ मध्ये अमेरिकेत रुग्णांसाठी मान्य झाले, आणि २०१८ चे नोबेल पारितोषिक ॲलिसन व जपानचे तासुकु होंजो ह्यांना मिळाले. ह्या साऱ्याचे सार असे, की पेशींत बळ होतेच. कोणी तरी ब्रेकवरचा पाय उचलण्याची गरज होती. मुलींच्या बाबतीत आपण अजून लस टोचण्याच्या अवस्थेतच आहोत. भाषणे देतो, पदके देतो. पाय मात्र ब्रेकवरच असतो.

त्याच शास्त्रातले अगदी ताजे उदाहरण २०२५ चे. त्या वर्षीच्या वैद्यकाच्या नोबेलच्या तीन मानकऱ्यांत मेरी ब्रंको आहेत. रक्षकदलाला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींच्या मुळाशी असलेले जनुक त्यांनी आणि फ्रेड रॅम्सडेल ह्यांनी २००१ मध्ये शोधून काढले. ह्याच नियामक पेशींच्या आडोशाला कर्करोग लपतो, हे आता सर्वमान्य झाले आहे. तो शोध लागला तेव्हा ब्रंको एका लहानशा औषधकंपनीत काम करीत होत्या. आणि पारितोषिक जाहीर झाले तेव्हा त्या सिएटलच्या एका संस्थेत प्रकल्पांच्या व्यवस्थापनाचे काम पाहत होत्या. प्राध्यापकपदाची शिडी त्यांच्या पायाखाली नव्हती. विज्ञानातले चांगले काम नेहमी शिडीच्या वरच्या पायरीवरूनच होते असे नाही. तेव्हा शिडीवर कोण किती वर गेले एवढेच मोजून आपण स्त्रियांची गणती करू लागलो, तर कितीतरी काम आपल्या हिशेबातून निसटेल.

आता माझ्या एका विद्यार्थिनीविषयी सांगते. सांगलीकडच्या एका गावातली ही मुलगी. तोंडाच्या कर्करोगातल्या टी-पेशी हा तिचा विषय. आपल्या देशात तंबाखूने हा रोग घराघरांत नेला आहे. तिच्या चुलत्यालाही तो झाला होता. तिचे काम असे, की शस्त्रक्रियेत काढलेल्या अर्बुदाचा तुकडा रुग्णालयातून आला की लगोलग त्याचे बारीक तुकडे करायचे, विकरांनी पेशी सुट्या करायच्या, गाळायच्या, मोजायच्या. तुकडा सकाळपर्यंत राखून ठेवला तर हव्या त्या पेशी मरून जातात. शस्त्रक्रिया मात्र संपतात तेव्हा संपतात. कधी दुपारी, कधी संध्याकाळी सातला. ती जिथे काम करीत होती तिथे पाळणाघर होते, चांगले होते, आणि ते सहा वाजता बंद होई.

एका रात्री साडेदहाला तिचा फोन आला. ‘मॅडम, आज नमुना सव्वासहाला आला. मी त्याला हात लावला नाही. मुलाला घेऊन घरी आले.’ थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘त्या माणसाने सहीचा कागद भरून दिला होता, मॅडम. माझ्या कामासाठी.’ मला तिची समजूत घालायची नव्हती. समजूत घातली की प्रश्न तिचा एकटीचा होतो. मी एवढेच म्हटले, ‘उद्या हे तुझ्या मार्गदर्शकांना जसेच्या तसे सांग. रजा मागू नकोस, व्यवस्था माग.’

तिने मागितली, आणि तिच्या मार्गदर्शकांनी ती केली. त्यात अवघड असे काही नव्हते. दुसऱ्या एका संशोधकाला तेच तंत्र शिकवले. संध्याकाळचे नमुने दोघांनी आळीपाळीने घ्यायचे ठरले. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञालाही पहिल्या दोन पायऱ्या शिकवल्या, आणि शोधनिबंधावर दोघांची नावे बरोबरीने आली. खर्च जवळजवळ शून्य. पुढे दुसऱ्या संशोधकाच्या वडिलांचे आजारपण आले तेव्हा त्यालाही ह्याच व्यवस्थेने तारले. स्त्रीसाठी म्हणून केलेली सोय बहुधा सगळ्यांच्या उपयोगी पडते, हा माझा जुना अनुभव आहे.

सरकारने काही केलेच नाही, असे मी म्हणणार नाही. कामात खंड पडलेल्या स्त्रियांना परत येता यावे म्हणून विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००२ मध्ये खास योजना सुरू केली. २०१६ पासून पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना विद्यापीठ अनुदान मंडळाच्या नियमांनुसार दोन वर्षे अधिक मिळू शकतात आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपनाची रजाही मिळते. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. हे सारे मोलाचे आहे. पण नियम दिवस मोजतात. प्रयोगशाळेला तास लागतात. पाळणाघर असणे आणि ते नमुना येण्याच्या वेळी उघडे असणे ह्यांत एका मुलीच्या साऱ्या संशोधनाचे अंतर आहे. आणि शिष्यवृत्तीवर काम करणारी मुलगी ‘कर्मचारी’ आहे की नाही, ह्याचे उत्तर तर टेबलागणिक बदलते.

हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. स्त्रियांना न्याय मिळावा म्हणून, हे उत्तर पुरेसे आहे. पण एवढेच नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र ह्यांच्या सहकार्यातून रक्ताच्या काही कर्करोगांवर एक भारतीय उपचार तयार झाला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू ह्यांच्या हस्ते त्याचा आरंभ झाला. ह्यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून घेतात, त्यांना कर्करोग ओळखण्याची नवी खूण देतात, बाहेर वाढवतात आणि पुन्हा त्याच्या रक्तात सोडतात. ज्या तरुण संशोधकांच्या हातून हे काम उभे राहिले त्यांत अलका द्विवेदी ह्यांच्यासारखी संशोधिका होती. त्या पेशी वाढत असताना तो रुग्ण कुठल्याशा खाटेवर वाट पाहत असतो. त्याला पेशींची काळजी घेणारे माणूस स्त्री आहे की पुरुष ह्याच्याशी कर्तव्य नसते. ते माणूस त्या दिवशी तिथे असणे ही त्याची गरज असते. शिकून तयार झालेली प्रत्येक मुलगी आपण मध्येच गमावतो तेव्हा तिच्याबरोबर अशी एक वाट पाहणारी खाटही आपण विसरतो.

माझ्या विद्यार्थिनीला आता डॉक्टरेट मिळाली आहे. मुलगा शाळेत जातो. ती एका प्रकल्पावर दोन वर्षांच्या कराराने काम करते आणि येत्या मार्चमध्ये तो करार संपतो. पुढच्या बहुतेक जाहिरातींत वयाची मर्यादा आहे, आणि मुलासाठी गेलेली वर्षे त्या मर्यादेत मिळवायची की नाही ह्याविषयी प्रत्येक जाहिरात वेगळे बोलते. तिने मोजलेल्या, चिठ्ठ्या लावलेल्या पेशींच्या कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवलेल्या आहेत. तिथे त्या दहा वर्षे राहतील, वीस वर्षे राहतील. जाग्या केल्या की पुन्हा वाढू लागतील. तिच्या वयाला असे गोठवून ठेवण्याची सोय नाही. मार्चपर्यंत कुणीतरी एका कागदावर एक ओळ लिहायची आहे: मुलाच्या संगोपनात गेलेली वर्षे वयाच्या हिशेबातून वगळावीत. तेवढी ओळ झाली, की पुढच्या फेब्रुवारीत तिच्या गौरवाचे भाषण कोणी केले नाही तरी चालेल.